संगणकाचं काम बाहेर दिल्यावर नाव कोणाचं जातं?

प्रश्न पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खासगी दूध डेअरीच्या संचालकांचा आहे. घरची दुसरी पिढी आता कारभार बघते. संकलन केंद्रांवरचं सॉफ्टवेअर, दूध उत्पादकांची दर दहा दिवसांची बिलं आणि शहरातल्या घरपोच ग्राहकांचं ॲप, हे सगळं आज नऊ जणांचा स्वतःचा विभाग सांभाळतो. पुण्यातली एक कंपनी म्हणते आहे की सगळं आमच्यावर सोपवा, खर्च बराच खाली येईल. संचालकांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. काम बाहेर दिलं तर बाजारात आमची पत कमी होईल का? आणि उद्या काही बिघडलं तर दोष त्या कंपनीचा की माझा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, म्हणून ते आधी देते. दोष तुमचा. करारात काहीही लिहिलेलं असो. पहाटे सहा वाजता किटली घेऊन केंद्रावर उभ्या असलेल्या माणसाला फॅट-एसएनएफची (दुधातली स्निग्धता आणि इतर घन पदार्थ, ज्यावर दर ठरतो) पावती मिळाली नाही, तर तो तुमच्या डेअरीचं नाव घेईल, आणि गावात तुमच्या वडिलांना ओळखत असेल तर त्यांचंही घेईल. पुण्यातल्या कंपनीचं नाव त्याला ठाऊक नसतं आणि ते ठाऊक असण्याचं त्याला काही कारणही नाही.

पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल. मी सत्तावीस वर्षं या कामात आहे. पहिली चौदा वर्षं काम घेणाऱ्यांच्या बाजूला होते, पुण्यात बसून इंग्लंडमधल्या ग्राहकांच्या यंत्रणा सांभाळल्या. त्यानंतर काम देणाऱ्यांच्या बाजूला आले: करार करून देणं, ते चालवणं, आणि काही वेळा ते मोडून काम परत घरात आणणं. दोन्ही बाजूंनी बघून माझं एक मत पक्कं झालं आहे. काम बाहेर गेल्याने कंपनीचं नाव खराब होत नाही. यंत्रणा बंद पडते त्या पहिल्या काही तासांत मालकाला आपल्याच कंपनीत नेमकं काय चाललंय हे कळत नाही आणि तरीही त्याला बोलावं लागतं, तेव्हा नाव जातं.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं आहे. ही बँक लॉइड्स या मोठ्या बँकेपासून वेगळी झाली आणि २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने ती विकत घेतली. खाती मात्र लॉइड्सच्या जुन्या यंत्रणेवरच पैसे मोजून चालत होती. एप्रिल २०१८ मधल्या एका शनिवार-रविवारी सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर हलवण्यात आली. ती यंत्रणा उभारण्याचं आणि चालवण्याचं काम साबिस नावाच्या कंपनीकडे होतं. साबिस म्हणजे साबादेलचीच संगणक-शाखा, थोडक्यात घरचीच माणसं. या साबिसने पुढे ८५ कंपन्यांकडून कामं करून घेतली होती. खात्यांची माहिती व्यवस्थित हलली, पण सोमवारची गर्दी नव्या यंत्रणेला पेलली नाही. लाखो लोकांना स्वतःचं खातं उघडता येईना आणि काहींना चक्क दुसऱ्याची खाती दिसली. बँकेचा कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला.

त्या आठवड्यात बँकेचे प्रमुख पॉल पेस्टर यांनी ट्विटरवर लिहिलं की ॲप आणि ऑनलाइन बँकिंग सुरू झालं आहे. ग्राहक तेव्हाही दारातच अडकलेले होते. माझ्या मते बँकेचं नाव खऱ्या अर्थाने तिथे गेलं. यंत्रणा बंद पडली म्हणून लोक चिडतात आणि ओरडतात, पण तेवढ्यावर बहुतेक जण सोडून जात नाहीत. आपल्या समोरचा पडदा बंद आणि प्रमुख म्हणतो चालू आहे, हे मात्र कोणी विसरत नाही. पेस्टर खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांना खालून जे सांगितलं गेलं तेच त्यांनी पुढे सांगितलं असणार. मी पलीकडच्या बाजूला बसलेली आहे, त्यामुळे ते ‘खालून सांगणं’ कसं असतं हे मला माहीत आहे. सर्व्हर चालू झाला की आम्ही ‘अप’ म्हणतो. ग्राहक आत शिरू शकतोय का, हा आमच्या लेखी वेगळा तक्ता असतो. जूनमध्ये ब्रिटिश संसदेच्या अर्थविषयक समितीने पेस्टर यांच्यावर विश्वास उरला नसल्याचं सांगितलं आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी पद सोडलं.

डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. ग्राहकांना भरपाईपोटी दिलेले ३ कोटी २७ लाख पौंड वेगळेच. आणि एप्रिल २०२३ मध्ये जे झालं ते प्रत्येक संचालकाने लक्षात ठेवावं. बँकेचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख कार्लोस अबार्का यांना वैयक्तिक ८१,६२० पौंड दंड झाला. साबिस हे काम पेलण्याइतकी सज्ज आहे की नाही, ते बँकेने रीतसर पुन्हा तपासलं नाही आणि ते तपासून घेणं ही त्यांची जबाबदारी होती, असं नियामकाचं म्हणणं होतं. साबिसकडून तयारीचं पत्र आलेलं होतं. पत्र घेतलं आणि त्याच्या मागे काय आहे ते खणून बघितलं नाही, एवढ्यावर तो दंड बसला.

इथे एक गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम. घरच्या कंपनीला आपण कमी प्रश्न विचारतो. आपल्याकडे मेहुण्याची नाही तर भाच्याची सॉफ्टवेअर कंपनी असते आणि काम तिकडे जातं. मी असे करार पाहिले आहेत. त्यात एसएलए (सेवा कशी आणि किती वेळात द्यायची याचा लेखी करार) नसतो, दंड नसतो, सणासुदीला फोन उचलला नाही तरी बोलायची सोय नसते. पुण्याची ही कंपनी तुमच्या नात्यातली नसेल तर ती मी जमेची बाजू धरेन.

आता ‘कळत नाही’ म्हणजे काय ते माझ्याच एका अनुभवातून सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका किरकोळ विक्रीच्या कंपनीचे बाहेरचे करार सांभाळत होते. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी तिचं ॲप रखडायला लागलं. पैसे कापले जात होते, ऑर्डर नोंदत नव्हती. व्हेंडरचा, म्हणजे काम घेतलेल्या बाहेरच्या कंपनीचा, रोजचा अहवाल रात्री दहाला आला तो सगळा हिरवा. सर्व्हर ९९ टक्क्यांहून जास्त वेळ चालू, तक्रारींना पहिलं उत्तर वेळेत, सगळं करारात लिहिल्याप्रमाणे. आमच्या धंद्यात अशा अहवालाला वॉटरमेलन म्हणतात, बाहेरून हिरवा आणि आतून लाल. कंपनीच्या मालकीणबाईंना खरी स्थिती त्यांच्या नणंदेच्या फोनवरून कळली, कारण तिचे पैसे अडकले होते. त्या रात्री मालकीणबाईंनी मला एकच प्रश्न विचारला, ‘आपल्यातलं कोण सांगू शकेल की नेमकं काय झालंय?’ आणि आमच्यात तसं कोणीच उरलं नव्हतं. वर्षभरापूर्वी काम बाहेर देताना जे दोघं ठेवायला हवे होते त्यांना आम्ही जाऊ दिलं होतं. त्या निर्णयाच्या कागदावर माझीही सही होती.

म्हणून करार करताना किती टक्के वेळ सर्व्हर चालू, हे मोजमाप मी आता जवळजवळ बाजूलाच ठेवते. तुमच्या बाबतीत मोजायचं ते हे: सकाळच्या पाळीत किती उत्पादकांना दूध घातल्यावर दोन मिनिटांत पावती मिळाली, दहा दिवसांची बिलं ठरल्या तारखेला किती जणांच्या खात्यात पडली, ॲपवर कापल्या गेलेल्या पैशांपैकी किती ऑर्डरी नोंदल्या. हे आकडे व्हेंडरने पाठवायचे नाहीत. तुमच्या माणसाने तुमच्या डेटाबेसमधून काढायचे आणि सकाळी साडेआठच्या आत तुमच्या फोनवर यायला हवेत.

काम बाहेर दिल्याने पत घसरते ही भीती मात्र मनातून काढून टाका. २००४ मध्ये एअरटेलने आपलं आयटीचं काम दहा वर्षांसाठी आयबीएमला दिलं, आणि नेटवर्क उभारण्याचं व सांभाळण्याचं एरिक्सन, नोकिया यांच्यासारख्या कंपन्यांना. दूरसंचार कंपनीने आपलं नेटवर्कच दुसऱ्याच्या हाती द्यायचं, हे तेव्हा जगावेगळं होतं. सुनील मित्तल यांचं नाव त्याने खाली आलं नाही, उलट वर गेलं. आयबीएमला मिळणारा पैसा एअरटेलच्या उत्पन्नाशी बांधलेला होता, त्यामुळे ग्राहक वाढला तर दोघांचंही भलं. आणि ग्राहक, दर, जाहिरात, नवी योजना कोणती आणायची हा निर्णय, हे एअरटेलने हातचं सोडलं नाही.

याहून जवळचं उदाहरण तुम्ही स्वतः पाहिलं असेल. पासपोर्ट काढायला गेलात तर अ काउंटरवर कागद स्कॅन करणारी, फोटो आणि बोटांचे ठसे घेणारी माणसं टीसीएसची असतात. ब आणि क काउंटरवर बसलेले मात्र परराष्ट्र मंत्रालयाचे अधिकारी असतात. पडताळणी आणि पासपोर्ट द्यायचा की नाही हा निर्णय त्यांचाच. रांग, टोकन, संगणक, वेळ पाळणं हे बाहेर दिलेलं आहे. हा करार २००८ चा आहे आणि पासपोर्ट काढण्याचा त्याआधीचा त्रास ज्यांना आठवतो ते याला नावं ठेवणार नाहीत. काय द्यायचं आणि काय ठेवायचं ही रेघ अ आणि ब काउंटरांच्या मधोमध इतकी ठळक दिसते की मी नव्या ग्राहकांना आधी पासपोर्ट केंद्रच आठवून बघा म्हणते.

तुमच्या डेअरीत ही रेघ कुठे पडेल? सर्व्हर, बॅकअप, केंद्रांवरच्या यंत्रांची देखभाल, ॲपचा कोड लिहिणं, रात्रीची देखरेख हे खुशाल द्या. दुधाचा दर कसा निघतो ते सूत्र आणि त्यात बदल करण्याचा अधिकार, उत्पादकांची बँक खाती बदलण्याची मंजुरी, आणि तक्रार ऐकणारा पहिला माणूस, हे घरात ठेवा. तक्रारीचा फोन परराज्यातल्या कॉल सेंटरने उचलला आणि समोरच्याला ‘एसएनएफ कमी का लागला’ हा प्रश्नच कळला नाही, की उत्पादकाने दुसऱ्या दिवशी शेजारच्या डेअरीच्या गाडीत दूध घातलंच म्हणून समजा.

खाते बदलण्याच्या मंजुरीवर मी अडून बसते, त्याला कारण आहे. एप्रिल २००५ मध्ये पुण्यात एक प्रकरण झालं. अमेरिकेतल्या सिटीबँकेच्या ग्राहकांना फोनवर सेवा देणाऱ्या पुण्यातल्या एमफॅसिसच्या केंद्रातल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांकडून गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर इकडच्या खात्यांत वळवले. पुणे पोलिसांनी त्यांना पकडलं. त्या वर्षी मी पुण्यातच काम करत होते. आमचा त्या कंपनीशी काडीचा संबंध नव्हता, तरी पुढचे कित्येक महिने आमच्या इंग्लंडच्या ग्राहकांच्या प्रत्येक बैठकीत पहिला प्रश्न तोच असायचा. मूठभर माणसांच्या लोभाने एका बँकेचं, एका कंपनीचं आणि एका शहराचं नाव एकदमच पणाला लागलं.

गेल्या वर्षा-दोन वर्षांतलं उदाहरण मार्क्स अँड स्पेन्सरचं. एप्रिल २०२५ मध्ये या ब्रिटिश दुकान-साखळीवर सायबर हल्ला झाला. २५ एप्रिलपासून १० जूनपर्यंत ऑनलाइन ऑर्डरी बंद होत्या, आणि नफ्यावर सुमारे ३० कोटी पौंडांचा घाला पडेल असं कंपनीने स्वतः सांगितलं. अध्यक्ष आर्ची नॉर्मन यांनी जुलैमध्ये संसदीय समितीपुढे सांगितलं की हल्लेखोर दुसऱ्याचं सोंग घेऊन आत आले आणि त्यात एका बाहेरच्या कंपनीचा दुवा होता. तेव्हा कंपनीचं मदतकेंद्र चालवणाऱ्या टीसीएसने आपल्या यंत्रणा फुटल्या नसल्याचं स्पष्ट केलं. तुमच्यासाठी यातला धडा अगदी छोटा आणि कोरडा आहे. ‘मी अमुक बोलतोय, पासवर्ड विसरलो, नवा द्या’ असा फोन आला तर तो कोण देतं, आणि बोलणारा खरंच तोच आहे हे कसं ओळखतं? करारावर सही करण्याआधी स्वतः एकदा फोन करून बघा. मी प्रत्येक वेळी करते. दहातल्या निम्म्या वेळा मला पासवर्ड मिळालेला आहे.

व्हेंडरच्या मागे आणखी व्हेंडर असतात, हे मालकांच्या डोळ्यांना दिसत नाही. ३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीला रॅन्समवेअरचा (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या हल्ल्याचा) फटका बसला होता आणि राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने खबरदारी म्हणून तिला जाळ्यातून तात्पुरतं तोडलं. गावातल्या ग्राहकाला सी-एज हे नावच माहीत नाही. त्याने शाखेतल्या मॅनेजरला धरलं, आणि मॅनेजरलाही टीव्हीवरच्या बातमीपलीकडे काही ठाऊक नव्हतं. तुमचे उत्पादक पैसे अशाच बँकांमधून घेतात. तुमच्या व्हेंडरला विचारा की तो कोणाकोणावर अवलंबून आहे, आणि त्या सगळ्यांची यादी करारालाच जोडून घ्या.

कायदाही आता याच बाजूने बोलतो. रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ च्या निर्देशांत बँकांना लिहूनच दिलं की आउटसोर्सिंगने संचालक मंडळाची जबाबदारी कमी होत नाही. ते तुम्हाला लागू नाही. पण २०२३ चा, टप्प्याटप्प्याने लागू होणारा, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तुम्हालाही आहे. उत्पादकांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि ग्राहकांचे पत्ते तुम्ही गोळा करता. ते व्हेंडरकडून फुटले तरी कायद्यापुढे उभं तुम्हालाच राहायचं आहे, आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

आता त्या नऊ जणांविषयी. प्रश्नात त्यांचा उल्लेख फक्त एका आकड्यात आला आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिथेच वाटते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मला उत्तर इंग्लंडमधल्या एका गावी केटीसाठी पाठवलं होतं. केटी म्हणजे जुन्या माणसाकडून काम समजून घेणं. माझ्यासमोर बसलेले गृहस्थ बावीस वर्षं ती यंत्रणा सांभाळत होते. मी सगळं शिकले की त्यांची नोकरी संपणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते रोज वेळेवर येत, मी विचारेन त्याचं नीट उत्तर देत, आणि जे विचारणार नाही ते सांगत नसत. आम्ही निघून आल्यावर चौथ्या महिन्यात वर्षअखेरचा एक हिशेब चुकला, कारण वर्षातून एकदाच हाताने करायची एक पायरी कुठेच लिहिलेली नव्हती. मी त्यांना कधीच दोष देऊ शकले नाही. त्यांच्या कंपनीने त्यांच्याशी शेवटपर्यंत एक शब्दही सरळ बोललेला नव्हता.

अमेरिकेत डिस्नेने २०१४ च्या शेवटी ऑर्लंडोतल्या सुमारे २५० संगणक कर्मचाऱ्यांना असाच निरोप दिला. त्यातल्या काहींना आपल्या जागी येणाऱ्या, मुख्यतः भारतीय, माणसांना काम शिकवावं लागलं. पुढच्या वर्षी ते वर्तमानपत्रांत आलं आणि ज्या कंपनीचं नाव लहान मुलांच्या आनंदाशी जोडलेलं, ती राजकीय सभांतून निर्दयीपणाचं उदाहरण म्हणून सांगितली जाऊ लागली. याचा परिणाम तेवढ्यावर थांबत नाही. मे २०१७ मध्ये ब्रिटिश एअरवेजची यंत्रणा कोसळली आणि सुमारे ७५,००० प्रवासी अडकले. कारण होतं डेटा सेंटरमधला वीजपुरवठा. पण आदल्या वर्षी कंपनीने संगणक विभागातली माणसं कमी करून काम भारतात पाठवलं होतं, त्यामुळे कामगार संघटनेने त्याच दिवशी तिकडे बोट दाखवलं. प्रमुख ॲलेक्स क्रूझ ‘याचा आउटसोर्सिंगशी संबंध नाही’ असं सांगत राहिले आणि फार थोड्यांनी ते ऐकून घेतलं. माणसं वाईट रीतीने घालवली की पुढची कित्येक वर्षं प्रत्येक बिघाडाचं कारण लोकांनी आधीच ठरवलेलं असतं.

तेव्हा नऊपैकी किमान तिघांना ठेवा. एक, दराचं सूत्र आणि बिलांचा हिशेब कोडसकट समजणारा. दोन, केंद्रांवरच्या माणसांना नावानिशी ओळखणारी व्यक्ती, जिला सकाळी सहाला फोन येतात. तीन, व्हेंडरचं काम तपासू शकेल अशी तरुण, शिकलेली व्यक्ती, आणि तिला पगार व्हेंडरच्या मॅनेजरइतका द्या. यातले पहिले दोघे बहुधा कागदावर सगळ्यात कमी शिकलेले निघतील. उरलेल्या सहांशी करारावर सही होण्याआधी तुम्ही स्वतः बोला. वडील सोबत असले तर उत्तम. कोणाला व्हेंडरकडे नोकरी मिळेल, कोणाला किती महिन्यांचा पगार, ते त्याच बैठकीत आकड्यांत सांगा.

आणि ते सहा जण जाण्याच्या आत एक काम उरका, नाहीतर पुढे फार महागात पडतं. डेअरीचं डोमेन नाव कोणाच्या ईमेलवर नोंदलंय ते बघा. ॲपचं प्ले स्टोअर खातं, पेमेंट गेटवे, एसएमएस ज्या हेडरने (पाठवणाऱ्याच्या छोट्या नावाने) जातात त्याची दूरसंचार कंपन्यांकडची डीएलटी नोंदणी, व्हॉट्सॲपचा व्यवसाय क्रमांक, हे सगळं बहुतेक वेळा कोणा एका मुलाच्या वैयक्तिक जीमेलवर आणि मोबाइलवर असतं, कारण सात वर्षांपूर्वी घाईत त्यानेच ते सुरू केलेलं असतं. ते कंपनीच्या नावावर, कंपनीच्या सिमकार्डवर आणा. ते सिम तुमच्या तिजोरीत ठेवा, आणि व्हेंडरला वापरण्यापुरता प्रवेश द्या, मालकी देऊ नका.